सहीमागचा माणूस

वैद्यकीय विद्यार्थ्यास नीती शिकविता येते काय, हा वाद जुना आहे. भारतीय आयुर्विज्ञान परिषदेने २०१८ मध्ये त्यास एका पुस्तिकेने उत्तर दिले. वृत्ती, नीती व संवाद यांवरील २७ पाठांची ही पुस्तिका ‘एटकॉम’ नावाने ओळखली जाते आणि २०१९ पासून एम.बी.बी.एस.च्या अभ्यासक्रमात शिकविली जाते. (बंगळूरच्या सेंट जॉन्स महाविद्यालयाने हा विषय कितीतरी आधी हाती घेतला होता, हे आपल्या वाचकांस ठाऊक असेल.) रुग्णाची हकिगत पुढे ठेवून मुलांना बोलते करावे, ही तिची पद्धत मला पसंत आहे. मात्र नीतीच्या तासाला पुढ्यात येणाऱ्या हकिगतीत नीतीचा पेच आहे, हे विद्यार्थ्यास आधीच कळलेले असते. रुग्णालयात तोच पेच साध्या फाईलच्या रूपाने टेबलावर येतो.

आमच्या पवईचेच पाहा. जुलै २०१६ मध्ये हिरानंदानी रुग्णालयात होऊ घातलेले मूत्रपिंडाचे प्रत्यारोपण पोलिसांनी थांबविले. मूत्रपिंड देणारी स्त्री ही रुग्णाची पत्नी, असे कागद सांगत होते. ते बनावट असल्याचा आरोप झाला. ऑगस्टमध्ये पाच डॉक्टरांना अटक झाली. दोष कोणाचा, हे न्यायालयाने ठरवावे. मला त्या फाईलविषयी बोलायचे आहे. १९९४ चा कायदा अवयवांचा व्यापार गुन्हा ठरवितो आणि पती-पत्नीस दानाची मुभा देतो. म्हणून दलालास मूत्रपिंडाआधी नाते तयार करावे लागते. सही, दाखले, छायाचित्रे, सारे जागच्या जागी असते. ‘संमती घेतली काय?’ एवढेच शिकलेला विद्यार्थी अशा फाईलवर पूर्ण गुण मिळवील. बाई, गाव कोणते, सोबत कोण आले आहे, पुढे महिनाभर घरी कोण पाहील, हे तिच्या भाषेत आणि तिला एकटी बसवून विचारणे त्यास कोण शिकविणार? आणि उत्तर ऐकून शंका आली, तर वरिष्ठांपुढे ती बोलून दाखविण्याचे बळ?

पुस्तिकेतील सर्वांत सुंदर पाठ पहिल्या वर्षाचा आहे. विच्छेदनाच्या टेबलावरील मृतदेहास तो ‘पहिला गुरू’ म्हणतो. ही कृतज्ञता खरी आहे, पण अपुरी आहे. आपल्या राज्यात १९४९ च्या शरीररचना कायद्यान्वये बेवारस मृतदेह महाविद्यालयांस देता येतात. काही गुरू स्वेच्छेने देहदान करून आलेले असतात. काहींना कोणी विचारलेलेच नसते, कारण त्यांना न्यायला कोणी आले नाही. पवईच्या त्या स्त्रीची निदान सही तरी होती.

शिक्षकाने पहिल्या दिवशी, हातात शस्त्र देण्यापूर्वी, हा देह कोणत्या वाटेने येथे आला हे विद्यार्थ्यांस सांगावे. महाविद्यालयाच्या नोंदवहीत ते लिहिलेले असते.