मुनाजरा की मुकालमा? : ‘हिंदू-तुर्क संवाद’ पुन्हा वाचताना

संत एकनाथांच्या ‘हिंदू-तुर्क संवाद’ या भारुडाचा उल्लेख झाला नाही असा राष्ट्रीय एकात्मतेवरचा परिसंवाद आपल्याकडे क्वचितच होत असेल. वक्ता शेख महंमदांवरून एकनाथांवर येतो, हिंदू आणि तुर्क शेवटी एकमेकांना आलिंगन देतात हे सांगतो आणि टाळ्या पडतात. त्या टाळ्यांत आमच्याही टाळ्या होत्या. मूळ भारूड मात्र आम्ही उशिराच, शिकवायच्या निमित्ताने, पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचले. तेव्हा लक्षात आले की, आपण ज्याला दाद देत आलो ती शेवटची मोजकी कडवी आहेत. त्याआधी साठाच्या आसपास कडवी नुसते भांडण आहे. या लेखात आम्हांला त्या भांडणाविषयी बोलायचे आहे. दुखऱ्या समाजाला बरे करण्याचे काही औषध या रचनेत असेल तर ते आलिंगनात नसून त्या भांडणात आहे, असे आमचे मत झाले आहे.

एकनाथ (१५३३–१५९९) पैठणचे. पैठण तेव्हा निजामशाहीत होते. त्यांचे गुरू जनार्दनस्वामी देवगिरीच्या किल्ल्यावर अधिकारी होते असे परंपरा सांगते. म्हणजे ‘तुर्क’ हा एकनाथांसाठी ऐकीव माणूस नव्हता. (त्या काळी तुर्क म्हणजे सर्रास मुसलमान.) तो कचेरीत होता, बाजारात होता, वेशीवर होता. एकनाथांच्या इतर भारुडांत फकीर येतो, दरवेश येतो. ‘अर्जदास्त’ या रचनेत तर दरबारी फारसी अर्जाचा साचा परमार्थासाठी वापरला आहे. दुसऱ्याची भाषा कानात साठवल्याशिवाय असे लिहिता येत नाही. शेजाऱ्याविषयीचे कुतूहल ही एकनाथांची पहिली पात्रता. ‘संवादा’तल्या तुर्काच्या तोंडी दखनीची जी छटा आहे, ती याच कुतूहलातून आलेली आहे.

आता भांडणाकडे येऊ. आरंभी एकनाथ सांगून टाकतात की, जायचे ठिकाण एक आणि भक्तीच्या वाटा निराळ्या. एवढे झाल्यावर ते बाजूला होतात आणि दोघांना मोकळे सोडतात. तुर्क हिंदूला काफर म्हणतो. हिंदू म्हणतो, दूर हो, विटाळ होईल. पुढे तुर्क विचारतो : देवाला हातपाय कसे? पुराणातले तुमचे देव असे कसे वागतात? पाण्यात डुबक्या मारून पुण्य मिळते काय? दगडापुढे का वाकता? हिंदू उलट विचारतो : देव सगळीकडे असेल तर पश्चिमेकडेच तोंड का? कोंबडी त्याचीच आणि तुम्हीही त्याचेच, मग तिच्या मानेवर सुरी कशी? दोघेही एकमेकांना वेड्यात काढतात, आणि एकनाथ कुणाचाही शब्द मवाळ करीत नाहीत.

उर्दूत अशा प्रसंगांसाठी दोन शब्द आहेत : मुनाजरा आणि मुकालमा. मुनाजरा म्हणजे जिंकण्यासाठी केलेला वाद. त्यात पंच असतात, प्रेक्षक असतात, आणि समोरच्याचे बोलणे ऐकायचे ते त्यातले छिद्र सापडावे म्हणून. मुकालमा म्हणजे बोलणे. तुम्ही बोला, आम्ही ऐकतो, मग आम्ही बोलतो. एप्रिल १८५४ मध्ये आग्र्याला मौलाना रहमतुल्लाह कैरानवी आणि जर्मन पाद्री फँडर यांच्यात झालेला मुनाजरा प्रसिद्ध आहे. आपले मौलाना विद्वान होते आणि त्यांची तयारी जबरदस्त होती, यात शंका नाही. ठरलेले सगळे विषय होण्याआधीच, दोन दिवसांत तो आटोपला. मग दोन्ही बाजूंनी आपापली हकिकत प्रसिद्ध केली आणि दोन्हींत आपापला जय झाला. कुणी कुणाच्या घरी गेल्याची नोंद अशा हकिकतींत नसते.

एकनाथांचे भारूड मुनाजरा म्हणून सुरू होते आणि मुकालमा म्हणून संपते. हे कसे घडते, हा समीक्षेचा खरा प्रश्न आहे. मधेच कुणी साधू येऊन उपदेश करीत नाही. सुलतानाचा हुकूम येत नाही. कुणी आपला धर्मही सोडत नाही. घडते ते एवढेच की, टोमणा म्हणून टाकलेल्या प्रश्नाला हळूहळू उत्तर द्यावे लागते, आणि उत्तर देताना बोलणाऱ्याला आपल्याच घरात पुन्हा डोकावावे लागते. ‘पश्चिमेकडेच का’ याला शिवी हे उत्तर होत नाही. किब्ला म्हणजे काय, हे आधी स्वतःला नीट माहीत हवे. ‘दगडापुढे का’ या प्रश्नाचेही तसेच. टोमण्याच्या पोटात एक खरी जिज्ञासा असते. दोघे तिथेच थांबून राहिले, उठून गेले नाहीत, म्हणून ती बाहेर आली. हे दोघे साठ कडवी एकमेकांसमोर बसून आहेत, हीच आम्हांला या रचनेतली सर्वांत मोठी गोष्ट वाटते.

इथे आपल्यापैकी अनेकांच्या मनात एक भीती येते. धर्माबद्दल प्रश्न ऐकून घेणे आणि स्वतःही विचारणे, यात ईमान ढिले तर होणार नाही? या भीतीला उत्तर बाहेरून आणायची गरज नाही. सूरह बकरामध्ये हजरत इब्राहीम अलैहिस्सलाम खुद्द अल्लाहला विचारतात की, तू मेलेल्यांना जिवंत कसा करतोस ते मला दाखव. तुझा विश्वास नाही काय, असे विचारले जाते. ते म्हणतात, आहे, पण दिलाला स्वस्थता हवी. या विचारण्याबद्दल त्यांना फटकारले जात नाही, उलट दाखवले जाते. ज्याचा विश्वास पक्का आहे तोच एवढे मोकळेपणाने विचारू शकतो, असा अर्थ आम्ही तरी घेतो. सूरह हुजुरातमध्ये माणसांच्या जमाती आणि कबीले करण्याचा हेतू सांगितला आहे तो एकमेकांची ओळख व्हावी हा. उर्दूत रोज वापरला जाणारा ‘तआरुफ’ हा शब्द त्याच धातूचा. म्हणजे शेजाऱ्याबद्दल कुतूहल ठेवणे ही आपल्याकडून काढलेली सवलत नाही. आपण निरनिराळे का आहोत याचे कारणच ते आहे.

या भारुडावर आमचा एक आक्षेपही आहे आणि तो प्रथम आम्हांला सुचला नाही. उर्दू माध्यमाच्या शाळेत आम्ही मराठी शिकवतो. नववीच्या वर्गात यातली काही कडवी फळ्यावर लिहिली. तुर्काचे बोलणे वाचताच मागच्या बाकावरून आवाज आला, “सर, ये तो अपनी बोली है!” वर्ग हसला. चारशे वर्षांपूर्वीच्या मराठी संताच्या वहीत आपली बोली सापडणे हा त्या मुलांसाठी लहान आनंद नव्हता. मराठी म्हणजे दुसऱ्यांची भाषा, असे मानणारा तो वर्ग त्या दिवशी जरा पुढे सरकून बसला. मग एका मुलीने विचारले, “सर, तुर्काची उत्तरं कोणी लिहिली?” आम्ही म्हटले, एकनाथांनी. ती म्हणाली, “आणि हिंदूची?” तीही एकनाथांनी. “मग तुर्काला कोणी विचारलं?”

या प्रश्नाला आमच्याकडे झटपट उत्तर नव्हते. खरेच आहे. तुर्काला प्रश्न विचारायची पूर्ण मुभा आहे, पण सखोल उत्तरे बहुतेक हिंदूच्या वाट्याला आली आहेत. शेवटी दोघे ज्या एकत्वावर येतात त्याची भाषा वेदान्ताची आहे. तौहीदची बाजू एखाद्या आलिमाने मांडली असती तर ती अशी मांडली नसती. एकनाथांच्या हेतूबद्दल आम्हांला तिळमात्र शंका नाही. ज्या काळात विटाळाची भीती घराघरात होती, त्या काळात पैठणच्या ब्राह्मणाने तुर्काला आपल्या रचनेत बरोबरीने बसवले, हे धाडसच होते. तरीही दोन्ही बाजू एकाच लेखणीतून उतरल्या असतील तर तो संवाद अर्धाच राहतो. उरलेला अर्धा दुसऱ्याने लिहायचा असतो.

तो लिहिला गेला काय? येथे श्रीगोंद्याच्या शेख महंमदांची आठवण होते. त्यांचा ‘योगसंग्राम’ १६४५ चा, एकनाथांनंतर सुमारे अर्ध्या शतकाचा. आपण अविंध कुळातले आहोत हे ते लपवीत नाहीत, आणि अशा माणसाने मराठीत परमार्थ का सांगावा या शंकेलाही ते सामोरे जातात. रा. चिं. ढेरे यांनी ‘मुसलमान मराठी संतकवी’ लिहून ही परंपरा मराठी वाचकांपुढे ठेवली, त्याबद्दल आपण ऋणी आहोत. पण शेख महंमदांनीही बोलण्यासाठी मुख्यतः योगाची आणि भक्तीची परिभाषा घेतली. ते यजमानाच्या घरी गेले आणि यजमानाच्या भाषेत उत्तम बोलले. नमाजीच्या, रोजेदाराच्या, हज करून आलेल्या माणसाच्या मनात काय चालते, ते मराठीत सांगण्याचे काम पुढच्यांसाठी शिल्लक राहिले. ते पुढचे म्हणजे आपण.

आपण ते कितपत केले? मुस्लिम मराठी साहित्याने आपले दुःख लिहिले, दारिद्र्य लिहिले, दंगली लिहिल्या, संशयाच्या नजरा लिहिल्या. ते लिहायलाच हवे होते. पण शेजाऱ्याविषयीचा एखादा साधा प्रश्न आपल्या कथा-कवितांत शोधू गेले तर फारसा सापडत नाही. घरातल्या प्रश्नांचे तर याहून अवघड. हमीद दलवाई यांच्या ‘इंधन’ (१९६५) मध्ये कोकणातल्या एका गावाचा तणाव आहे, आणि लेखक आपल्याच माणसांना प्रश्न विचारायला कचरत नाही. पुढे १९६६ साली त्यांनी तोंडी तलाकविरुद्ध मुंबईत सात स्त्रियांचा मोर्चा काढला आणि त्यांचे नाव काढताच दोन तट पडू लागले. त्यांची सगळी मते आम्हांला मान्य आहेत असे नाही. दीनाच्या भाषेत बोलले असते तर त्यांचे म्हणणे दूरवर पोचले असते, असेही वाटते. पण आपण त्यांच्यासमोर साठ कडवी बसलो काय? त्यांच्याशी झाला तो मुनाजरा. मुकालमा राहून गेला आणि १९७७ मध्ये ते गेले.

कुणी म्हणेल, दंगलीच्या दिवसांत भारुडे काय कामाची? याला भिवंडीचे उदाहरण आहे. १९७० आणि १९८४ च्या दंगलींनी ते यंत्रमागांचे गाव होरपळले होते. त्यानंतर काही वर्षांनी तिथले पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्या उभ्या केल्या. दोन्ही समाजांची साधी माणसे आणि पोलीस नेमाने एकत्र बसू लागले. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये शेजारची मुंबई जळत होती तेव्हा भिवंडी शांत राहिली. यात बंदोबस्ताचा आणि इतर कारणांचाही वाटा असणार, सगळे श्रेय एका गोष्टीला देणे बरोबर नाही. पण अफवा आली तेव्हा तिची खातरजमा कुणाकडे करायची, हे दोन्हीकडच्या माणसांना माहीत होते. ओळख आधीची होती. आग लागल्यावर तआरुफ होत नाही.

म्हणून ‘हिंदू-तुर्क संवादा’चे शेवटचे आलिंगन आम्ही वर्गात शिकवले ते सर्वांत शेवटी, आणि थोडक्यात. त्याआधी मुलांना एक काम दिले. प्रत्येकाने शेजारच्या धर्माविषयी आपल्याला खरोखर पडलेला एक प्रश्न लिहायचा आणि ओळखीच्या एका माणसाला अदबीने विचारून यायचे. पहिली अडचण तिथेच आली. वर्गातल्या निम्म्याहून अधिक मुलांना विचारण्याजोगे ओळखीचे बिगरमुस्लिम घर नव्हते. मोहल्ला, शाळा, मदरसा, नातेवाईक, सगळे एकाच गोलात. मग दुकानदार, रिक्षावाले, दवाखान्यातल्या बाई अशी माणसे शोधली गेली.

एका मुलाने किराणा दुकानाच्या म्हाताऱ्या मालकांना विचारले, “काका, तुम्ही देव विसर्जन का करता? इतक्या प्रेमानं आणलेला परत का पाठवता?” काका विचारात पडले. म्हणाले, वडील करायचे म्हणून करतो, मला कुणी असं विचारलंच नाही, भटजींना विचारून सांगतो. आणि मग त्यांनीच विचारले, “तुम्ही बकरी ईदेच्या मांसाचे तीन वाटे करता ना? ते कशासाठी?” मुलाला अर्धवटच माहीत होते. तो दुसऱ्या दिवशी आमच्याकडे आला. एक हिस्सा घरचा, एक नातेवाइकांचा, एक गरिबांचा, एवढे आम्ही सांगितले. त्याने पुढे विचारले, “सर, गरीब शेजारी हिंदू असला तर?” त्यावर उलेमांचे म्हणणे काय आहे ते आम्ही वाचून काढले आणि चालते असे बऱ्याच जणांनी म्हटल्याचे त्याला सांगितले.

तो दुकानात गेला तेव्हा काकांकडेही भटजींचे उत्तर तयार होते. दोघे बराच वेळ बोलत होते, असे तो म्हणाला. गिऱ्हाइके खोळंबली होती.