निवडणुकीचे गद्य

फराळाच्या ताटाशेजारी ज्या अंकाला जागा मिळते त्यात निवडणुकीविषयी लिहू नये, असा एक सभ्य संकेत आहे. कथा, कविता, एखादे व्यक्तिचित्र, थोडा विनोद एवढ्याने दिवाळी गोड होते. तेथे मतांची भाषा कशाला? परंतु मी टीकालेख लिहावयास बसलो आहे, आणि आपल्या भागात सर्वांत अधिक वाचले जाणारे गद्य कोणते, हे टीकाकाराने आधी पाहिले पाहिजे. नांदेड-लातूरकडे ते गद्य कादंबरीचे नव्हे. माझ्या कादंबऱ्यांचे तर नव्हेच नव्हे. ते निवडणुकीचे आहे. कधी ग्रामपंचायत, कधी बाजार समिती, कधी विधानसभा, अशा निमित्तानिमित्ताने ते घरोघर येऊन पडते. आजी चष्मा लावून ते वाचते आणि नातू त्याची होडी करतो. एवढा वाचकवर्ग ज्याला लाभला, त्याची समीक्षा मात्र कोणी करीत नाही.

या वाङ्मयाचे तीन प्रकार आहेत: पत्रक, बातमी आणि खर्चाचा हिशेब. तिघांना एकच प्रश्न विचारावा असे मला वाटते. लेखक कोण?

पहिला मान पत्रकाचा. आमच्या मराठवाड्यात निवडणुकीची सुरुवात अक्षरांनी झाली नाही, चित्रांनी झाली. १९४८ सालच्या सप्टेंबरात निजामी राजवट संपली आणि पुढे पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी आणि पेटीवर त्याचे चिन्ह, अशी व्यवस्था होती. ज्यांना वाचता येत नव्हते त्यांनाही मत देता आले. अक्षरे मागाहून आली आणि येताना विशेषणांची वरात घेऊन आली. कार्यसम्राट, विकासपुरुष, जनसामान्यांचा कैवारी! मी वर्गात मुलांना एक कसोटी शिकवतो: वाक्यातली विशेषणे खोडा आणि मागे काही उरते का ते पाहा. पत्रकाला ही कसोटी लावली, तर बहुधा एक नाव, एक चिन्ह, जोडलेले दोन हात आणि मतदानाची तारीख एवढेच उरते.

तरीही पत्रकाला मी फार नावे ठेवणार नाही. त्याच्या तळाशी, बारीक टायपात, मुद्रकाचे आणि प्रकाशकाचे नाव-पत्ता असतो. लोकप्रतिनिधित्वाच्या १९५१ च्या कायद्याचे १२७-क हे कलम तशी सक्ती करते. ती मोडल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. म्हणजे पत्रक कितीही फुगलेले असो, ते आपल्या बापाचे नाव लपवीत नाही. स्तुती विकत घेतलेली आहे हे वाचणाऱ्याला ठाऊक असते, आणि लग्नातल्या मंगलाष्टकांप्रमाणे तो ती ऐकून सोडून देतो.

दुसरा प्रकार बातमी; आणि येथे मात्र टीकाकाराला सावरून बसले पाहिजे. २००९ सालच्या ऑक्टोबरात विधानसभेची निवडणूक झाली. नांदेड जिल्ह्यातल्या भोकर मतदारसंघातून तेव्हाचे मुख्यमंत्री अशोकराव चव्हाण उभे होते आणि ते मोठ्या मताधिक्याने निवडून आले. त्या दिवसांत वर्तमानपत्रांतून त्यांच्या कारकिर्दीचा गौरव करणारी रंगीत पानेच्या पाने आली. काहींवर ‘अशोकपर्व’ असा मथळा होता. ‘हिंदू’ या इंग्रजी दैनिकात पी. साईनाथ यांनी ती पाने मोजली. त्यांची पहिली मोजणी ४७ पूर्ण पानांची होती. उमेदवाराच्या अधिकृत हिशेबात मात्र वर्तमानपत्रांतील जाहिरातींवरचा खर्च ५,३७९ रुपये दाखवला होता. त्याहून मासलेवाईक गोष्ट वाङ्मयाची आहे. एकमेकांशी स्पर्धा करणाऱ्या दैनिकांत एकच स्तुतिलेख अक्षरशः तसाच्या तसा उमटला होता.

शाळामास्तराला या प्रकाराचे नाव सांगावे लागत नाही. तीन पोरांच्या वह्यांत एकच निबंध, त्याच ठिकाणी तीच उपमा आढळली, तर आम्ही तिघांना उभे करतो आणि विचारतो, हे मुळात लिहिले कोणी? देशाच्या निवडणूक आयोगालाही हेच विचारावे लागले. तक्रार पराभूत उमेदवार माधवराव किन्हाळकर आदींनी केली होती. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि मे २०१४ मध्ये न्यायालयाने म्हटले, की हिशेब खरा की खोटा हे तपासण्याचा अधिकार आयोगाला आहे. त्या जुलैत आयोगाने, हिशेब योग्य रीतीने दिला गेला नाही, असे मत नोंदवून नोटीस काढली; सप्टेंबरात दिल्ली उच्च न्यायालयाने आयोगाचा तो आदेश रद्द केला. चव्हाणांनी आरोप प्रथमपासून नाकारला होता, आणि न्यायालयाचा निकाल त्यांच्या बाजूने लागला. तो मान्य केलाच पाहिजे.

पण न्यायालयाचे काम वेगळे आणि टीकाकाराचे वेगळे. पैसा कोणी दिला, दिला की नाही, हा पुराव्याचा प्रश्न आहे. तो मजकूर बातमी होता का, हा वाङ्मयाचा प्रश्न आहे, आणि त्याला पुरावा पानावरच आहे. बातमीत कोणी तरी काही करतो, कोणाला तरी ते पटत नाही, कोठे तरी विहिरीला पाणी नसते. या पानांत सर्वत्र पाणीच पाणी होते. विरोधक नाही, आकडा नाही, शंका नाही. पत्रकानेच बातमीचा अंगरखा चढवला होता, आणि तो चढवताना तळाची मुद्रकाची ओळ तेवढी काढून टाकली होती. हे दोष एका पक्षाचे वा एका जिल्ह्याचे नव्हते. देशभरच्या अशा विकत बातम्यांविषयी प्रेस कौन्सिलच्या उपसमितीने २०१० साली अहवाल लिहिला, तर कौन्सिलने आधी त्याचा संक्षेपच पुढे केला. पूर्ण अहवाल बाहेर यायला पुढचे वर्ष उजाडले. ज्यांनी लेखकाचे नाव शोधायचे, त्यांनाही ते छापताना जड गेले.

आता तिसरा प्रकार, हिशेब. निकालानंतर तीस दिवसांत उमेदवाराने तो सादर करावा असा नियम आहे. मर्यादा विधानसभेला २००९ साली दहा लाख होती. २०२२ पासून आपल्या राज्यात ती चाळीस लाख आहे. चहा, मांडव, भोंग्याची रिक्षा, हार, खुर्च्या अशा नोंदींची ही वही वरवर अत्यंत वास्तववादी असते. बारीकसारीक तपशील भरून मूळ गोष्ट झाकावी, ही युक्ती आम्हा कादंबरीकारांनाही ठाऊक आहे. शिवाय मर्यादा उमेदवाराला आहे, पक्षाला नाही. १९७४ साली सर्वोच्च न्यायालयाने अमरनाथ चावला यांच्या प्रकरणात पक्षाचा खर्चही उमेदवाराच्या खात्यात धरला होता. पण कायदाच बदलून ती वाट बुजवण्यात आली.

आणि पैसा येतो कोठून? याचे वाङ्मय जवळजवळ नाहीच. मोंढ्यातल्या आडत्याला, कापडदुकानदाराला, सडकेच्या कंत्राटदाराला निवडणुकीच्या तोंडावर बोलावणे येते, हे आमच्याकडे शेंबडे पोरही सांगेल. पूर्वी मी ज्या एका संस्थेत होतो, तेथे शिक्षकांच्या पगारातून ‘ऐच्छिक’ वर्गणी कापली जाई आणि शाळा सुटल्यावर मतदारांच्या चिठ्ठ्या वाटण्याचे काम मिळे. ‘ऐच्छिक’ या शब्दाचा अर्थ मुलांना समजावताना मला तेव्हा फार कष्ट पडत. गणपतीच्या वर्गणीची निदान पावती तरी मिळते. पक्षांना वीस हजारांवरच्या देणग्यांची नावे आयोगाला कळवावी लागतात. २०१७ पासून एका माणसाकडून दोन हजारांहून अधिक रोख घेता येत नाही. परंतु लगेच २०१८ साली निवडणूक रोखे आले आणि देणाऱ्याचे नाव पुन्हा पडद्याआड गेले. १५ फेब्रुवारी २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते घटनाबाह्य ठरवले. मतदाराला हे जाणण्याचा हक्क आहे, असे सांगितले. म्हणजे सर्वोच्च न्यायपीठानेही शेवटी आमचाच प्रश्न विचारला. लेखक कोण?

मराठी साहित्याने हा प्रश्न विचारलेला नाही असे नाही. अरुण साधूंच्या ‘मुंबई दिनांक’ आणि ‘सिंहासन’ या कादंबऱ्यांनी सत्तेचा वाडा आतून दाखवला; जब्बार पटेलांनी त्यांवर १९७९ साली चित्रपट काढला. त्याआधीच्या, तेंडुलकरांनी लिहिलेल्या ‘सामना’त मारुती कांबळे नावाच्या माणसाचे पुढे काय झाले, एवढेच एक मोडका मास्तर विचारीत राहतो आणि साखरेच्या राज्याला घाम फुटतो. मला हे चित्र साधूंच्या पटापेक्षा अधिक जवळचे वाटते. साधूंचा वाडा मुंबईत आहे. तेथे मतदार फार लांबून दिसतो. वर्गणी मागायला आलेला माणूस आणि ती देताना हसणारा आडत्या, हे दोघे अजून आमच्या कादंबरीच्या उंबऱ्यावरच उभे आहेत. त्यांना आत घेण्याचे काम आम्हा मराठवाड्याच्या लेखकांचे होते. नांदेडचे नरहर कुरुंदकर साहित्याइतकेच राज्यघटनेविषयीही सामान्य माणसाशी बोलत. तो वारसा आम्ही व्याख्यानमालांच्या फलकांवर ठेवला, लेखणीत पुरता उतरवला नाही.

मग वाचक फसतो का? येथे मात्र मी निराश नाही. १९९५ साली लातूरकरांनी विलासराव देशमुखांसारख्या लोकप्रिय मंत्र्याला पाडले, आणि चारच वर्षांनी पुन्हा भरघोस मतांनी निवडले. सात वेळा लोकसभेत पाठवलेल्या शिवराज पाटील चाकूरकरांना २००४ साली त्याच लातूरने घरी बसवले. नांदेडच्या २०२४ च्या लोकसभा पोटनिवडणुकीत लाखो मतांतून अंतर पडले ते अवघे १,४५७ मतांचे. कोणता कौल बरोबर, कोणता चूक, हे सांगणे माझे काम नव्हे. पण पत्रकावर आणि पानभर स्तुतीवर जो मुकाट विश्वास ठेवतो, असा हा वाचक खचित नाही.

त्याला चकवण्याचा एकच उपाय उरतो. मजकुरावरचे नाव पुसणे. म्हणून घरोघरच्या वाचकांना माझी एवढीच सूचना आहे. पुढच्या खेपेस पत्रक आले, की नातवाने होडी करण्यापूर्वी त्याच्याकडून तळाची बारीक ओळ मोठ्याने वाचून घ्यावी. आणि वर्तमानपत्रात फार गोड पान आले, तर तीच ओळ तेथेही शोधावयास सांगावी. सापडली नाही, तर पोरगे आपण होऊन विचारील, की मग हे लिहिले कोणी? त्याला गप्प बसवू नये.