मेंदूची लय : मोजले काय, सांगितले काय?

बोलण्याचा वेग आणि संगीताचा वेग यांत फरक असतो का? नाय दिंग, डेव्हिड पोपेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ साली एका शोधनिबंधात हे मोजून दाखवले. नऊ भाषांतील बोलणे आणि पाश्चात्त्य संगीत यांच्या ध्वनिमुद्रणांत आवाज किती वेळा लहानमोठा होतो, हे त्यांनी तपासले. बोलण्यात हा चढउतार सेकंदाला सुमारे ५ वेळा सर्वांत ठळक असतो, संगीतात सुमारे २ वेळा. भाषा बदलली तरी बोलण्याचा आकडा फारसा हलत नाही. निबंधाचे हे बळ आम्हाला निर्विवाद वाटते.

अडचण पुढे येते. मेंदूच्या विद्युत्‌लहरींत सेकंदाला ४ ते ८ आवर्तनांची ‘थीटा’ लय आढळते. आकडे जुळले, म्हणून ‘मेंदू आपल्या लयीने बोलण्याची अक्षरे वेगळी करतो’ असे सर्रास सांगितले जाते. पण या निबंधात मोजला गेला तो ध्वनी, मेंदू नव्हे!

इतर प्रयोगांत मेंदूच्या लहरी बोलण्याच्या चढउतारांमागे जाताना दिसतात, हे खरे. त्याचे मात्र दोन अर्थ संभवतात. झोपाळ्याला स्वतःची लय असते. ढकलणे थांबवले तरी तो काही वेळ हलत राहतो. दारावर थापा मारल्या तर प्रत्येक थापेला एक आवाज येतो. थापा थांबल्या की आवाजही थांबतो. मेंदू झोपाळा आहे की दार? ध्वनी थांबल्यावरही लय टिकते का, हे पाहणे म्हणूनच महत्त्वाचे. यावर शास्त्रज्ञांचे अद्याप एकमत नाही.

दुसरी उणीव नमुन्याची. नऊ भाषांत एकही भारतीय भाषा नाही. आपल्या ख्यालगायनात विलंबित एकतालाचे १२ मात्रांचे आवर्तन कधी मिनिटभर चालते. म्हणजे एक मात्रा सुमारे ५ सेकंदांची! अर्थात मात्रांमधली जागा बोल आणि स्वर भरून काढतात. तेव्हा चढउताराचा वेग आणि तालाची लय या एकच गोष्टी नव्हेत, हेही ध्यानात घ्यावे.

शिक्षकांनी याची दखल का घ्यावी? ‘मेंदूच्या लहरींशी जुळणारे संगीत ऐकवा, अभ्यास सुधारेल’ अशा जाहिराती पालकांपर्यंत पोचतात. अशा वेळी वर्गात आधी विचारावे : नेमके काय मोजले, कोणावर मोजले, आणि त्यावरून एवढे म्हणता येते का?