आतड्याच्या स्नायूंतील रासायनिक संकेतन आणि दाहशामक औषधे : एका रूढ अनुमानाची चिकित्सा

अ‍ॅस्पिरिन, इंडोमेथॅसिन यांसारखी दाहशामक औषधे प्रोस्टाग्लॅन्डिनची निर्मिती रोखतात, हे जॉन व्हेन यांनी १९७१ मध्ये दाखवून दिले. १९८२ चे नोबेल पारितोषिक त्यांना बर्गस्ट्रॉम व सॅम्युएल्सन यांच्यासमवेत मिळाले. या शोधाचे मोल वादातीत आहे. प्रश्न आहे तो त्याच्या आधारे पुढे रूढ झालेल्या एका अनुमानाचा. गिनीपिगच्या शेषांत्राचा तुकडा कोमट टायरोड द्रावणात टांगावयाचा, इंडोमेथॅसिन घालावयाचे आणि आकुंचन मंदावले की ते प्रोस्टाग्लॅन्डिनमुळेच होत होते, असा निष्कर्ष काढावयाचा. निष्कर्ष खरा असूही शकेल. पुरावा मात्र तेवढा नसतो.

इंडोमेथॅसिन केवळ सायक्लोऑक्सिजनेज या विकरालाच रोखते, हे गृहीतच मुळी टिकत नाही. संहती वाढविली की ते स्नायुपेशीत शिरणाऱ्या कॅल्शियमलाही अडविते. सायक्लिक एएमपीवर अवलंबून असलेल्या प्रोटीन कायनेजला ते रोखते, असा निबंध 'नेचर'मध्ये १९७८ मध्येच आला होता. निफ्लुमिक आम्ल हेही दाहशामकच; पण पेशीपटलावरील क्लोराइड-मार्ग बंद करण्यासाठीच प्रयोगशाळेत त्याचा वापर होतो. कॅल्शियम अडले तरी स्नायू सैलावणारच. आलेखावरील उतरती रेषा कारण सांगत नाही.

शिवाय 'आतड्याचा स्नायू' ही एकजिनसी वस्तू नव्हे. प्रोस्टाग्लॅन्डिन ई-२ मुळे अनुदैर्घ्य स्नायू आकुंचन पावतात, तर वर्तुळाकार स्नायू बहुधा सैलावतात. एका थराचा आलेख संपूर्ण आतड्याच्या नावे खपविणे म्हणूनच अयोग्य ठरते. दोन थरांमध्ये मज्जाजाल आहे, त्याचाही विसर पडतो. औषधाचा परिणाम स्नायूवर की अ‍ॅसिटिलकोलीन सोडणाऱ्या मज्जातंतूंवर, हे ओळखण्याची सोय पेटन यांच्या १९५५ च्या विद्युत-उद्दीपन पद्धतीने केव्हाच झाली आहे. विद्युत-उद्दीपनाला मिळणारा प्रतिसाद घटला, पण बाहेरून घातलेल्या अ‍ॅसिटिलकोलीनला मिळणारा कायम राहिला, तर रोख मज्जातंतूंकडे जातो. इतकी साधी तुलनाही अनेकदा केली जात नाही.

व्हेन यांची मांडणी या दृष्टीने पुन्हा वाचण्याजोगी आहे. त्यांनी एका औषधावर भिस्त ठेवली नाही. इंडोमेथॅसिन, अ‍ॅस्पिरिन व सोडियम सॅलिसिलेट यांच्या प्रभावाचा उतरता क्रम त्यांनी दाखविला, तोही पेशीविरहित फुप्फुस-अर्कात. गंमत अशी की, प्रोस्टाग्लॅन्डिन मोजण्याचे त्यांचे साधन उंदराच्या जठराची स्नायुपट्टी हेच होते! त्यांच्याकरिता जे मापनयंत्र होते, तेच आपल्याकडे परस्पर पुरावा झाले.

रासायनिक रचना भिन्न असलेली किमान दोन औषधे अल्प संहतीत वापरावीत. त्यानंतर बाहेरून थोडे प्रोस्टाग्लॅन्डिन घालून मूळ आकुंचन परत येते का, हे पाहावे. ते परत आले नाही, तर अनुमान सोडून देण्याची तयारी हवी. इंडोमेथॅसिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. त्याकरिता अल्कोहोल किंवा सोडियम कार्बोनेट घ्यावे लागते. केवळ या द्रावकाने स्नायूवर काय परिणाम झाला, त्याचा स्वतंत्र आलेख निबंधात नसेल, तर परीक्षकाने तो मागावा.