बोट घालून ठेवलेलं पान



मागच्या व्याख्यानानंतर सांगलीहून आलेल्या एका तरुणानं आम्हाला जिन्यातच गाठलं. तो मराठीत एक गेमबुक लिहितोय. त्यातला वाचक म्हणजे प्रतिसरकारच्या काळात भूमिगतांची चिठ्ठी घेऊन गावोगाव फिरणारा एक पोरगा. प्रत्येक प्रसंगाच्या शेवटी वाटा फुटतात. ओढ्याकाठानं जायचं असेल तर परिच्छेद 112 वाचा, रात्र रानात काढायची असेल तर 47 वाचा. प्रकाशकांनी नको म्हटलं, म्हणून पुस्तक स्वतःच छापायचं आणि छपाईचा पैसा वाचकांकडूनच आधी गोळा करायचा, असा त्याचा बेत आहे. त्यानं विचारलं, "सर, हे साहित्य होईल, का नुसता खेळच राहील?" जिन्यात उभ्या उभ्या आम्ही काहीतरी गुळमुळीत बोललो. आज नीट उत्तर द्यायचा प्रयत्न करतो.

आधी हा प्रकार काय आहे ते बघू. 1979 साली अमेरिकेत एडवर्ड पॅकर्ड यांचं 'द केव्ह ऑफ टाइम' आलं आणि तशा पुस्तकांची रांग लागली. 1982 साली इंग्लंडात स्टीव्ह जॅक्सन आणि इयन लिव्हिंगस्टन यांचं 'द वॉरलॉक ऑफ फायरटॉप माउंटन' आलं. त्यात 400 क्रमांकित परिच्छेद आणि जोडीला फासे. वाचकानं आपलं कौशल्य, ताकद, नशीब कागदावर पेन्सिलीनं मांडायचं आणि राक्षस समोर आला की फासे टाकायचे. पोरं अक्षरशः वेडी झाली.

आता जरा गणित करू, घाबरू नका. समजा, दर वेळी दोन वाटा आहेत आणि वाचकाला दहा वेळा निवडायचंय. वाटा एकमेकींना मिळूच दिल्या नाहीत, तर शेवट होतात 1024 आणि लेखकाला परिच्छेद लिहावे लागतात 2047. वाचक त्यातले 11 वाचून पुस्तक संपवतो! असं कोण लिहील आणि कोण छापील? म्हणून लेखक फुटलेल्या वाटा पुन्हा एकत्र आणतो. डावीकडे गेलात काय नि उजवीकडे गेलात काय, थोड्या वेळानं त्याच चावडीपुढे येऊन उभे. हे त्याला करावंच लागतं, त्यात लबाडी नाही. लबाडी कुठे सुरू होते? चावडीपुढे पोचल्यावर मागच्या निवडीची काही खूण उरली आहे का, हे बघा. ओढ्यानं आलेला भिजलाय, चिठ्ठीवरची शाई पसरलीय. रानातून आलेला कोरडा आहे, पण त्याला उशीर झालाय आणि ज्याला भेटायचं तो माणूस निघून गेलाय. अशी खूण उरली तर निवड खरी. दोघंही सारखेच ताजेतवाने उभे असतील, तर लेखकानं आपल्याला नुसतं पानं उलटायला लावलं.

आम्ही आयुष्यभर वर्गात संकल्पस्वातंत्र्य शिकवलं. "मी वेगळं वागू शकलो असतो" हे वाक्य फळ्यावर लिहायचं आणि मग महिनाभर त्याच्याशी झोंबायचं. आयुष्यात हे वाक्य तपासून बघायची सोय नाही. गेलेला क्षण परत मिळत नाही. गेमबुकात मात्र ती सोय आहे. मागच्या पानात बोट घालून ठेवायचं, पुढे मरण आलं तर बोटापाशी परत यायचं. तुम्हीही केलं असेल, लाजू नका! हे बोट या प्रकाराची खरी शक्ती आहे, आणि त्याचा मोठा दोषही तोच. शक्ती अशी की दोन्ही वाटा शेजारी शेजारी ठेवून बघता येतात. दोष असा की मरण स्वस्त होतं. आणि मरण स्वस्त झालं की निवडही स्वस्त होते.

ही अडचण आपल्याकडच्या जुन्या कथाकारांनी ओळखली होती. सदाशिव काशीनाथ छत्रे यांची मराठी 'वेताळपंचविशी' 1830 सालची, मूळ कथा तर कितीतरी जुनी. तिची रचना बघा. वेताळ गोष्ट सांगतो आणि शेवटी विचारतो, राजा, यात कोण बरोबर? उत्तर माहीत असून गप्प राहिलास तर डोक्याची शकलं होतील. बोललास तर मी झाडावर परत जातो. म्हणजे दोन वाटा, आणि दोन्हींना किंमत आहे. राजा दर वेळी बोलतो आणि दर वेळी प्रेत आणायला मागं चालत जातो. शेवटच्या कोड्याचं उत्तर त्याला खरोखरच सुचत नाही, तो गप्प राहतो, आणि तिथेच पेच सुटतो. तिथं बोट घालून ठेवायची सोय नाही. चुकलं की पायपीट.

पॅकर्ड यांनी स्वतःही एकदा या नियमावर बोट ठेवलं. त्यांच्या 1982 च्या 'इनसाइड यूएफओ 54-40' या पुस्तकात अल्टिमा नावाचा एक स्वर्गासारखा ग्रह आहे. पुस्तकातली कुठलीही वाट तिथं पोचत नाही. जो वाचक नियम मोडून पानं चाळतो, त्यालाच ते पान सापडतं. मुलांच्या पुस्तकात एवढा विचार! दिलेल्या पर्यायांतून निवडणं म्हणजेच स्वातंत्र्य का, हा प्रश्न त्या एका पानानं दहा वर्षांच्या मुलापुढे ठेवला.

आता पैशाकडे वळू. 2012 साली रायन नॉर्थ या कॅनडाच्या लेखकानं हॅम्लेटचं गेमबुक करायचं ठरवलं, 'टू बी ऑर नॉट टू बी'. किकस्टार्टर या मंचावर त्यानं 20,000 डॉलर मागितले. लोकांनी 5,80,000 डॉलरहून जास्त दिले. पुस्तकात तुम्ही हॅम्लेट होऊ शकता, ऑफेलिया होऊ शकता, बापाचं भूतसुद्धा होऊ शकता. शेक्सपियरनं जी वाट घेतली तिच्यापाशी छोटी कवटी छापलीय. आमचं मत विचाराल तर, पुस्तक चतुर आहे, हसवतं, आणि कवटीची युक्ती फार चांगली. तिच्यामुळे नाटककाराची प्रत्येक ओळ हीसुद्धा एक निवड होती, हे डोळ्यांना दिसतं. पण हॅम्लेटचं दुखणं काय? त्याला ठरवता येत नाही. गेमबुकाचा वाचक मात्र पटकन ठरवतो आणि पुढच्या पानावर जातो. जी घालमेल म्हणजेच ते नाटक, ती पान उलटण्याच्या वेगात निसटते. भरघोस निधीनं पुस्तकाला चित्रं मिळाली, रंग मिळाला. घालमेल पैशानं मिळत नाही.

लोकांच्या पैशावर कला उभी करणं आपल्या भागाला नवीन नाही. सांगलीत 1843 साली विष्णुदास भाव्यांनी 'सीता स्वयंवर' केलं, ते चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयावर. 1851 साली आश्रयदाता गेला. 1853 साली भावे मुंबईत तिकीट लावून प्रयोग करत होते. एका धन्याच्या जागी हजार धनी आले. इकडे साताऱ्याकडे या. 1919 साली कऱ्हाडजवळ काले इथं कर्मवीर भाऊरावांनी रयत शिक्षण संस्था काढली. त्या कामाला मुष्टिफंडाचा आधार मिळाला, घराघरांतून मूठ मूठ धान्य आलं. आणि तिसरं उदाहरण ज्ञानकोशकार केतकरांचं. त्यांनी कंपनी काढली, भाग विकले, वर्गणीदार जमवले आणि 23 खंड पुरे केले. वर 'माझे बारा वर्षांचे काम' लिहून त्या सगळ्या खटाटोपाची हकिगत लोकांपुढे ठेवली.

या तिघांत फरक आहे, तो नीट बघा. तिकीट काढणारा गिऱ्हाईक असतो. त्याला खेळ आवडला नाही तर तो उद्या येत नाही. मूठ देणारी बाई दाता असते. त्या मुठीच्या बदल्यात माझ्या नावाचा धडा घाला, अशी अट नसते. वर्गणीदार या दोघांच्या मधला. त्याला खंड मिळायला हवा आणि कामाचा हिशेबही मिळायला हवा, पण खंडात काय लिहायचं हे तो ठरवत नाही. आजच्या लोकनिधीत या तिन्ही नात्यांची खिचडी होते. पाचशे रुपये दिले तर पुस्तक, दोन हजार दिले तर सही, दहा हजार दिले तर पुस्तकातल्या एका पात्राला तुमचं नाव! जादूगार आणि राक्षसांच्या पुस्तकात यानं काही बिघडत नाही. एखाद्या बुटक्या राक्षसाला आमचं नाव दिलं तर आम्हालाही मजा वाटेल.

आमच्या सांगलीच्या मित्राचं पुस्तक मात्र प्रतिसरकारवर आहे. 7 जून 1943 ला शेणोलीजवळ रेल्वेची पगाराची गाडी लुटली गेली, जी. डी. बापू लाड आणि कॅप्टन भाऊंच्या पुढाकारानं. शेणोली आज सातारा जिल्ह्यात आणि कुंडल सांगलीत, पण जिल्ह्यांची ही रेघ तेव्हा नव्हती. ज्या गावांत हे घडलं, तिथं ती माणसं अजून लोकांचे आजोबा-पणजोबा आहेत. पुस्तकाला पैसा देणार कोण? बहुतेक त्यांचीच नातवंडं. त्यात दहा हजार देणाऱ्याच्या आजोबांना गाडीवर चढवायचं आणि ज्याच्याकडे द्यायला काही नाही त्याचा आजोबा रानातच ठेवायचा? या पुस्तकातली सगळ्यात धोक्याची निवड हीच, आणि ती लेखकाला पहिलं पान लिहायच्या आधी करावी लागणार आहे.

तेव्हा बाबा, तू ऐकत असशील, तर आमचं उत्तर असं. वर्गणी जरूर घे. देणाऱ्यांची यादी शेवटच्या पानावर छाप, सगळी एकाच आकाराच्या अक्षरात, रक्कम न लिहिता. छपाईचा, कागदाचा, टपालाचा हिशेब पैन् पै दे. पण गोष्टीतली एकही जागा विकू नकोस.

वचन दिलंस तर पुरं कर. जो डिव्हर यांच्या 'लोन वुल्फ' मालिकेचं 28 वं पुस्तक 1998 साली आलं आणि मालिका थांबली. 32 पुस्तकांचा संकल्प होता. 2016 साली त्यांनी स्वतःची प्रकाशनसंस्था काढून 29 वं छापलं आणि त्याच वर्षी ते वारले. पुढचं काम मुलानं हाती घेतलं. स्वतः छापण्याचा मान अशा हट्टामुळे मिळतो. प्रकाशकानं नाकारलं एवढ्यानं तो मिळत नाही.

आणि शेवटचं, लिखाणाबद्दल. गाडी लुटायची की नाही, हे वाचकावर सोडू नकोस. ते घडून गेलंय, ते 400 परिच्छेदांत बदलता यायचं नाही. वाचकाला तिथं उभा कर, जिथं इतिहासानं उत्तर लिहून ठेवलेलं नाही. प्रतिसरकारची न्यायदान मंडळं होती, फितुराला कडक शिक्षा व्हायची. समजा, गावकीपुढे एक माणूस उभा आहे. चिठ्ठी नेणाऱ्या त्या पोरानं त्याला फौजदाराशी बोलताना पाहिलंय, पण काय बोलला ते ऐकलेलं नाही. आता पोराला विचारलंय. सांगायचं, की गप्प राहायचं? दोन्ही वाटा लिही. दोन्हींची किंमत पुढच्या प्रत्येक परिच्छेदात वसूल कर. वाचकानं त्या पानात बोट घालून ठेवलं आणि परत येऊन दुसरी वाट वाचली, तरी पहिल्या वाटेतला तो माणूस त्याच्या डोक्यातून जाता कामा नये. एवढं साधलंस तर ते साहित्य आहे की खेळ, हे विचारायला तू पुन्हा जिन्यात थांबणार नाहीस.

आमची वर्गणी धर. पुस्तकाच्या किमतीएवढीच, जास्त नाही. आता तुमचे प्रश्न घेऊ.