ठोकळ्यांच्या पुढे काय?

मोबाईलवर चालणारे ॲप करायला शिकवायचे म्हटले, की शाळांपुढे पहिले नाव येते ते ‘ॲप इन्व्हेंटर’चे. गूगलने २०१० साली आणलेले हे साधन २०१२ पासून अमेरिकेतील एमआयटी ही संस्था चालवते. त्याला पैसे पडत नाहीत. रंगीत ठोकळे एकमेकांत अडकवत गेले की आज्ञावली तयार होते. वाटूरच्या एखाद्या आठवीतल्या मुलीजवळ घरचा अँड्रॉइड फोन आणि शाळेतला संगणक असला, तर तिचे पहिले ॲप एका बैठकीत फोनवर दिसू शकते. (काम करताना इंटरनेट चालू हवे, ही अट खेड्यात जाचकच.)

आमची तक्रार वेगळी आहे. हे साधन पुष्कळ गोष्टी झाकते, पण झाकल्याचे सांगत नाही.

समजा, मुलीने हजेरी मोजणारे ॲप केले : कळ दाबली की अंक एकाने वाढतो. फोन आडवा केला तरी अंक तसाच राहतो. पुढे महाविद्यालयात ती तेच ॲप कोटलिन भाषेत लिहिते. अँड्रॉइडसाठी गूगल २०१९ पासून याच भाषेला पहिली पसंती देते. फोन आडवा केला, आणि अंक शून्य! ती आपली बेरीज तपासत बसते. बेरीज बरोबरच असते. फोन फिरताच अँड्रॉइड सहसा चालू पडदा मोडून नवा उभा करते, आणि पडद्यापाशी ठेवलेली संख्या त्याबरोबर नाहीशी होते; ती मुद्दाम जपून ठेवावी लागते. ठोकळ्यांच्या खाली ही तजवीज आधीच केलेली होती. आयफोनवर फोन फिरवल्याने पडदा असा मोडत नाही, त्यामुळे तिकडून येणारा जाणता माणूसही इथे फसतो.

चल, अट, यादी, ‘अमुक घडले की तमुक कर’ ही रीत, हे सारे तिच्याबरोबर येते, आणि याचे श्रेय ठोकळ्यांना दिलेच पाहिजे. पण ‘ही संख्या राहते कुठे, आणि जाते केव्हा?’ हा प्रश्न वर्गात कोणी विचारलेलाच नसतो. शिक्षकांनी तो ठोकळ्यांच्या तासालाच विचारावा.

आयफोनचे ॲप करण्यातली अडचण मात्र बुद्धीची नाही. त्यासाठीचे एक्सकोड फक्त ॲपलच्या मॅक संगणकावर चालते, आणि ॲप दुकानात ठेवायला वर्षाला ९९ डॉलर पडतात. गूगलकडे एकदाच २५. फ्लटरमध्ये एकदा लिहिलेले दोन्हीकडे चालते खरे, पण आयफोनसाठी ते बांधायला पुन्हा मॅकच लागतो.