टपालपेटी कुणाची? याहूच्या निमित्ताने



वीस-पंचवीस वर्षांपूर्वी सायबर कॅफेत तासाला पैसे मोजून आपल्यापैकी पुष्कळांनी आयुष्यातलं पहिलं ईमेल खातं उघडलं. ते बहुधा याहूवर नाहीतर हॉटमेलवर असायचं. पासवर्ड वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवायचा. नोकरीचा अर्ज, परदेशी गेलेल्या भावाची खुशाली, स्थळाचा फोटो, सगळं त्याच पेटीतून यायचं-जायचं. ही पेटी कुणाच्या घरात आहे, तिची किल्ली कुणाकुणाकडे आहे, हे तेव्हा कुणी विचारलं नाही. पेटी फुकट होती ना!

आता उठता-बसता विचारलं जातं, परक्या कंपनीवर विश्वास ठेवायचा का? आणि उत्तरही तयार असतं. परकी कंपनी म्हणजे परक्या सरकारचा कान, तेव्हा देशी वापरा, सुटलात. आम्हाला हा प्रश्नही अपुरा वाटतो आणि उत्तरही. का, ते सांगण्यासाठी दहा कंपन्यांची नावं घेण्यापेक्षा आज एकाच कंपनीचा व्यवहार जरा बारकाईने वाचू. याहूचा. कारण या एका टपालपेटीत किमान चार देशांच्या सरकारी यंत्रणांनी हात घातला, आणि हे सगळे हात एकाच वाटेने आले नाहीत.

सुरुवात चीनपासून करू. हुनान प्रांतातल्या चांगशा शहरात शी ताओ नावाचा पत्रकार एका वृत्तपत्रात काम करत होता. २००४ हे तिआनानमेनच्या हत्याकांडाचं पंधरावं वर्ष. ४ जूनच्या सुमारास वृत्तपत्रांनी कशापासून सावध राहायचं, याच्या सूचना पक्षाकडून आल्या होत्या. शी ताओने त्याची टिपणं काढली आणि २० एप्रिलच्या रात्री आपल्या याहू खात्यावरून अमेरिकेतल्या एका लोकशाहीवादी संकेतस्थळाला पाठवली. तिथे ती टोपणनावाने प्रसिद्ध झाली. नोव्हेंबरात त्याला अटक झाली. पुढच्या एप्रिलमध्ये शिक्षा झाली, देशाची गुपितं परदेशात पुरवली म्हणून १० वर्षं. निकालपत्रातल्या पुराव्यांमध्ये याहूच्या हाँगकाँगमधल्या कंपनीने पुरवलेली माहिती नोंदलेली होती. कोणत्या वेळी, कोणत्या आयपी पत्त्यावरून ते खातं उघडलं गेलं, आणि तो पत्ता कोणत्या कार्यालयाचा. टोपणनाव टिपणावर होतं, नोंदवहीत नव्हतं.

यावर याहूचे सहसंस्थापक जेरी यांग सप्टेंबर २००५ मध्ये, तेही चीनमध्येच हांगचौला एका परिषदेत, बोलले. त्यांच्या बोलण्याचा सारांश असा की, ज्या देशात धंदा करायचा तिथला कायदा पाळावाच लागतो. हे वाक्य लक्षात ठेवा. ते पुन्हा भेटणार आहे.

फेब्रुवारी २००६ मध्ये अमेरिकी काँग्रेससमोर सुनावणी झाली. कंपनीचे मुख्य विधी अधिकारी मायकेल कॅलाहन यांनी सांगितलं की, माहिती मागितली गेली तेव्हा तपास कशाचा आहे हे आम्हाला ठाऊक नव्हतं. मग २००७ मध्ये एका मानवाधिकार संस्थेने चिनी पोलिसांचं ते मागणीपत्रच उजेडात आणलं. त्यात देशाची गुपितं परदेशी पुरवल्याचा संशय स्पष्ट लिहिलेला होता. आता चीनमध्ये हे कलम कुणाला लावलं जातं, हे तिथे कार्यालय थाटणाऱ्या कंपनीला कळत नव्हतं, असं मानायला आम्ही तयार नाही. ६ नोव्हेंबर २००७ ला पुन्हा सुनावणी झाली. शी ताओची आई मागच्या रांगेत बसलेली होती. जेरी यांग तिच्याकडे वळले आणि वाकून त्यांनी नमस्कार केला. आठवड्याभरात कुटुंबीयांशी तडजोड झाली. मुलगा तुरुंगातच होता.

इथपर्यंतची गोष्ट पुष्कळांना माहीत असेल, आणि ती ऐकून याहू हा खलनायक म्हणून डोक्यात पक्का बसतो. पण त्याच महिन्यात, म्हणजे नोव्हेंबर २००७ मध्येच, दुसरीकडे काय चाललं होतं ते बघा.

अमेरिकेने त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये नवा कायदा केला होता. अमेरिकेबाहेरच्या माणसांचं दळणवळण प्रत्येक व्यक्तीसाठी स्वतंत्र वॉरंट न काढता मिळवण्याची सोय त्यात होती. त्याखाली याहूला हुकूम आले. याहूने ते पाळायला नकार दिला. सरकार गुप्त न्यायालयात गेलं. याहू हरली. वरच्या न्यायालयात दाद मागेपर्यंत हुकूम थांबवा, ही विनंतीही फेटाळली गेली. सरकारने तर दिवसाला अडीच लाख डॉलर दंडाची मागणी केली होती. मे २००८ मध्ये कंपनीने मान तुकवली, ऑगस्टमध्ये वरच्या गुप्त न्यायालयातही ती हरली. बरं, हे कुणाला सांगायचीही चोरी! निकालाचा खाडाखोड केलेला मसुदा २००९ मध्ये बाहेर आला, पण त्यात कंपनीचं नाव नव्हतं. सुमारे १,५०० पानं मोकळी व्हायला सप्टेंबर २०१४ उजाडला, तेही स्नोडेनच्या कागदपत्रांनी वर्षभर गदारोळ केल्यानंतर.

मग याहू भित्री की शूर? आमचं म्हणणं असं की कंपनीला माणसासारखे गुण चिकटवायची सवयच आपल्याला फसवते. चीनमध्ये तिला लढायला जागा नव्हती आणि तिने ती शोधलीही नाही. अमेरिकेत गुप्त का होईना, न्यायालय होतं, म्हणून लढता आलं. पण एक बारीक गोष्ट आहे, तिच्यावर आम्ही जरा रेंगाळणार आहोत. ही लढाई अमेरिकी राज्यघटनेच्या चौथ्या दुरुस्तीवर लढली गेली. विनाकारण झडती होऊ नये, हा त्या दुरुस्तीने दिलेला हक्क. तो अमेरिकी लोकांचा. कायद्याचा रोख कुणावर होता? अमेरिकेबाहेरच्यांवर. म्हणजे नाशिकच्या कॅफेत बसून याहू उघडणाऱ्या तुमच्या-आमच्यावर. ज्यांची पत्रं वाचायची होती, त्यांच्या वतीने त्या बंद खोलीत कुणी उभंच नव्हतं. याहूचा वकीलही आपला वकील नव्हता.

पुढच्या वाटेला तर कागदाचीही गरज लागली नाही. ऑक्टोबर २०१३ मध्ये वॉशिंग्टन पोस्टने छापलं की अमेरिकेची एनएसए आणि ब्रिटनची जीसीएचक्यू यांनी याहू आणि गूगलच्या माहितीकेंद्रांना जोडणाऱ्या तारांवरूनच माहिती उचलली. पुढच्या फेब्रुवारीत गार्डियनने याहू मेसेंजरच्या वेबकॅम गप्पांचं प्रकरण काढलं. जीसीएचक्यूने २००८ मध्ये सहा महिन्यांत १८ लाखांवर खात्यांमधली छायाचित्रं साठवली होती, आणि संशय असा कुणावर नव्हताच. आम्हाला याचा पत्ताही नव्हता, असं याहू म्हणाली आणि संतापलीही. तो संताप खोटा होता असं आम्ही म्हणत नाही.

पण इथे आम्ही याहूला एक प्रश्न विचारू, आणि आमच्या मते तोच खरा प्रश्न आहे. तारेवर कान लावणाऱ्याला पत्रं वाचता का आली? कारण ती उघड्या पोस्टकार्डासारखी जात होती. जीमेलने जानेवारी २०१० पासून सर्वांची पत्रं आपोआप बंद पाकिटात घातली, म्हणजे तुमच्या संगणकापासून त्यांच्या सर्व्हरपर्यंतचा रस्ता कूटबद्ध केला. याहू मेलने हे सर्वांसाठी केलं जानेवारी २०१४ मध्ये. चार वर्षं! दरम्यान नागरी हक्कांच्या संस्था कंपनीला पत्रं लिहून हेच मागत होत्या. माहितीकेंद्रांमधल्या तारा कूटबद्ध करण्याची घोषणाही बातमी फुटल्यावरच झाली. (गूगलच्याही त्या तारा तेव्हा उघड्याच होत्या, ते काम तिथे नुकतंच हाती घेतलेलं होतं.) ही चार वर्षं कुठल्या सरकारच्या हुकमाने गेली? कुणाच्याच नाही. चीनने सांगितलं नव्हतं, अमेरिकेने सांगितलं नव्हतं. खर्च होता, आणि घाई नव्हती.

म्हणून कंपनीची पारख करायची तर ती हुकूम आल्यावर काय म्हणाली यापेक्षा हुकूम नसताना तिने काय केलं, ते आम्ही बघतो. किती नोंदी ठेवल्या, किती दिवस ठेवल्या, पाकीट बंद केलं की नाही, किल्ली स्वतःजवळ ठेवली की वापरणाऱ्याला दिली. शी ताओच्या वेळी नोंदवही होती, म्हणून ती मागता आली.

याहूला हे कळत नव्हतं असंही नाही. २०१४ मध्ये अ‍ॅलेक्स स्टॅमोस हे सुरक्षाप्रमुख म्हणून आले आणि त्यांनी जाहीर केलं की पत्र लिहिणारा आणि वाचणारा यांच्याशिवाय कुणालाच, खुद्द याहूलाही, वाचता येणार नाही अशी सोय आम्ही करतो आहोत. ती सोय सामान्य ग्राहकापर्यंत पोचलीच नाही. जून २०१५ मध्ये स्टॅमोस कंपनी सोडून गेले. का, ते ऑक्टोबर २०१६ मध्ये रॉयटर्सच्या बातमीने सांगितलं. सरकारी मागणीवरून कंपनीने येणारं प्रत्येक पत्र चाळणारी प्रणाली बसवली होती, तीही आपल्याच सुरक्षा विभागाला अंधारात ठेवून. त्या विभागाला ती सापडली तेव्हा कुणी चोर घुसला असंच त्यांना वाटलं, असं त्या बातमीत आहे. २००८ मध्ये लढलेली कंपनी या वेळी लढली नाही.

याहूचा पहिला खुलासा असा की, आम्ही कायदा पाळणारी कंपनी आहोत आणि अमेरिकेचे कायदे पाळतो. ओळखलंत ना वाक्य? हांगचौचंच, फक्त देश बदलला. दुसऱ्या दिवशीचा खुलासा तर व्याकरणाच्या तासाला घ्यावा असा. बातमी दिशाभूल करणारी आहे, असं चाळण आमच्या यंत्रणेत अस्तित्वात नाही, असं त्यात म्हटलं होतं. क्रियापद वर्तमानकाळी! नव्हतं की काय, हे वाचणाऱ्याने आपलं आपण ठरवायचं. कंपन्यांचे खुलासे वाचताना काळ आणि विशेषणं नीट बघा, एवढं तरी या प्रकरणातून शिकता येईल.

चौथा देश रशिया. २०१४ मध्ये याहूच्या ५० कोटी खात्यांची माहिती चोरीला गेली. मार्च २०१७ मध्ये अमेरिकेने त्यासाठी जे आरोपपत्र ठेवलं, त्यात रशियाच्या एफएसबी या गुप्तचर संस्थेच्या दोन अधिकाऱ्यांची नावं आहेत. इथे ना हुकूम होता, ना न्यायालय.

आता आपल्याकडे येऊ. देशी पेटी हा उपाय आहे का? परक्या तारांपासून, परक्या गुप्त न्यायालयापासून काही अंशी आहे, हे आम्ही नाकारत नाही. सरकारी कारभाराची, संरक्षणाची पत्रं परक्या पेटीत ठेवू नयेत, हेही मान्य. पण शी ताओला कुठल्या परक्या सरकारने तुरुंगात टाकलं? त्याच्याच सरकारने टाकलं. अमेरिकेने तुमचं पत्र वाचलं तर ती रात्री दोनला तुमचं दार ठोठावत नाही. ते काम जवळचं सरकार करू शकतं. आपल्या माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६९ खाली पत्र अडवण्याचा, ते उलगडून मागण्याचा हुकूम निघतो तो गृहसचिवाच्या सहीने. त्याचा फेरविचार करणारी समितीही अधिकाऱ्यांचीच. न्यायाधीश या साखळीत नाही. २० डिसेंबर २०१८ च्या आदेशाने गृहमंत्रालयाने १० यंत्रणांना यासाठी अधिकृत केलं. २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात सरकार आपल्या यंत्रणांना त्या कायद्यातून वगळू शकतं. याहू ज्या न्यायालयात हरली, त्याची आपण मघाशी टिंगल केली. पण हरायला तरी एक न्यायालय होतं.

आणि याहू आपल्याकडेही अडली होती, बरं का. वापरकर्त्यांची माहिती दिली नाही म्हणून २०११ मध्ये माहिती तंत्रज्ञान कायद्याखालच्या नियंत्रकांनी तिला ११ लाख रुपये दंड केला, आणि कंपनी त्याविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात गेली. उद्याची देशी कंपनी, जिचे सगळे परवाने, सगळी कंत्राटं आणि सगळे संचालक इथेच आहेत, ती असं भांडायला जाईल का? जाईलही. पण तिच्या जाहिरातीत ‘स्वदेशी’ हा शब्द दिसला तर आम्ही आधी तिला विचारू की पाकीट बंद आहे का, किल्ली कुणाकडे आहे, नोंदवही किती दिवस ठेवता.

शी ताओचं पुढे काय झालं ते राहिलंच. तो २३ ऑगस्ट २०१३ ला सुटला, मुदतीआधी सव्वा वर्ष. त्याच्या चार दिवस आधी, १९ ऑगस्टला, याहू चीनची ईमेल सेवा कायमची बंद झाली होती. ज्या खात्याने त्याला आत घातलं, ती पेटीच जागेवर उरली नव्हती. आणि त्याच महिन्यात, उरलेल्या जगातली याहूची झाडून सगळी खाती, म्हणजे ३०० कोटी, कुणीतरी चोरून नेत होतं. कंपनीला पहिल्यांदा त्यातली १०० कोटीच दिसली, तीही तीन वर्षांनी.